जास्वंदीवरचे दोन पांढरे किडे: सांगलीतल्या एका परसबागेचा उन्हाळा

पार्श्वभूमी

सांगलीच्या विश्रामबाग भागातलं एक जुनं बैठं घर. निवृत्त जोडपं राहतं, त्यांना इथे काका आणि काकू म्हणू. घराभोवती तिन्ही बाजूंनी जेमतेम दहा-बारा फुटांची मोकळी जागा आहे, पण काकूंनी तिचा कोपरान् कोपरा वापरलाय. पुढे मोगरा आणि कढीपत्ता, बाजूला लिंबू आणि सीताफळ, मागे पेरू. स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून लाल जास्वंदीचं मोठं झाड आहे, चांगलं खिडकीच्या वर गेलेलं. देवाला रोजची फुलं त्याच झाडाची.

एप्रिलमध्ये शाळेला सुट्टी लागली आणि पुण्याहून नात आली. सहावी संपवून सातवीत जाणारी. सांगलीत तेव्हा पारा चाळिशीला टेकलेला असतो, दुपारी बाहेर पडायची सोय नसते. पोरगी कंटाळू नये म्हणून काकूंनी तिला एक वही दिली आणि बागेत जे दिसेल ते लिहायला सांगितलं. मी त्या घरी अधूनमधून जातो, बागेतल्या किड्या-पाखरांची मला आवड आहे, म्हणून वहीचे रकाने आखून देण्याचं काम माझ्याकडे आलं. वेळ, झाड, कोण दिसलं आणि ते काय करत होतं, एवढे चारच रकाने. चौथा रकाना रिकामा सोडायचा नाही, ही एकच अट. नाव माहीत नसलं तरी चालेल, पण तो प्राणी काय करत होता ते लिहायलाच हवं. पुढे सगळं प्रकरण या चौथ्या रकान्यावरच फिरलं.

पाण्याची दोन भांडी ठेवली. एक पेरूच्या फांदीला टांगलेलं, दुसरं जमिनीवर पसरट, आत खडे टाकलेलं. खडे अशासाठी की मधमाश्यांना बुडण्याची भीती न राहता काठावर उतरता यावं. दर दुसऱ्या दिवशी पाणी ओतून भांडं काथ्याने घासायचं ठरलं. नुसतं पाणी बदलून भागत नाही, कारण डेंगी पसरवणारा डास भांड्याच्या आतल्या कडेला अंडी चिकटवतो आणि ती कोरडी पडली तरी काही महिने तग धरतात.

पहिल्याच आठवड्यात वही भरायला लागली. सकाळी सातच्या सुमाराला बुलबुलांची जोडी अंघोळीला यायची. भर दुपारी बाग निर्जीव वाटायची तेव्हा खालच्या भांड्यावर मधमाश्यांची गर्दी असायची. पोळं थंड ठेवायला त्या पाणी वाहून नेतात. भांड्यातून सांडलेल्या पाण्याने जो चिखल होई त्यावर कुंभारीण माशी उतरायची, जबड्यांत गोळी वळून उडायची. नातीने पाठलाग करून तिचं काम शोधून काढलं. मागच्या दाराच्या चौकटीवर वाटाण्याएवढी, अरुंद तोंडाची मातीची कुंडी होती. दोन दिवसांनी माशी त्याच कुंडीत हिरवी अळी कोंबताना दिसली. ही अळी तिच्या पिल्लाची शिदोरी. लिंबावर फुलपाखराच्या अळ्या होत्या, लहान असताना पाखराच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या, मोठ्या झाल्यावर हिरव्यागार. काडीने हलकं डिवचलं की डोक्यामागून नारिंगी दुबेळकं बाहेर काढून उग्र वास सोडणाऱ्या.

आणि जास्वंदीवर शिंजिराचं घरटं होतं. खिडकीपासून हातभर अंतरावर, खालच्या फांदीच्या टोकाला लोंबकळणारं. कोळ्याच्या जाळ्याने गवत, साल आणि कचरा चिकटवून केलेलं, बाजूने दार, दारावर छोटं छज्जं. मादी आत बसलेली असली की फक्त चोच दिसायची.

अडचण

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात काकूंना जास्वंदीचे शेंडे आखडलेले दिसले. पानं गोळा होऊन चुरगळलेली, गाठींमध्ये पांढरा पिठूळ थर, कळ्या उमलण्याआधीच गळायला लागलेल्या. खालच्या पानांवर चिकटा पडलेला, त्यावर काळी काजळी धरलेली. खिडकीचा कट्टासुद्धा चिकट लागायचा. मिलीबगच होता, आपण ज्याला पिठ्या ढेकूण म्हणतो तो. चिमटीत चिरडला की बोटाला गुलाबी डाग पडायचा. जास्वंदीवर येणारा हा गुलाबी मिलीबग आणि द्राक्षबागेत घड खराब करणारा मिलीबग बऱ्याचदा एकच असतो, त्यामुळे सांगली-तासगाव भागात त्याची ओळख करून द्यायला लागत नाही.

काकू घाबरल्या, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मादी पांढऱ्या पिशवीत शेकड्याने अंडी घालते, उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पिढ्या भराभर वाढतात. बारीक पिल्लं वाऱ्याने, मुंग्यांबरोबर, कपड्यांना चिकटून दुसऱ्या झाडावर जातात. शेजारीच पेरू आणि सीताफळ, ही दोन्ही झाडं मिलीबगच्या आवडीची. काका त्याच संध्याकाळी कृषी सेवा केंद्रात जाऊन आले. दुकानदाराने एक आंतरप्रवाही औषध हातात दिलं आणि पंपाला किती टाकायचं ते सांगितलं.

अडचण खरी इथे होती. औषध मारायचं तर घरट्यावर मारल्यासारखंच. शिंजिराची मादी त्या दिवसांत अंड्यांवर बसलेली होती. शिंजीर मध पिणारा पक्षी असला तरी पिल्लांना किडे आणि कोळीच भरवतो. शिवाय आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसात उतरतं, रसातून फुलातल्या मधात आणि परागात पोचतं. त्या जास्वंदीच्या फुलांवर सकाळी मधमाश्या आणि शिंजीर दोन्ही असायचे. आणि न मारावं तर झाड जाण्याची भीती.

समोर असलेले पर्याय

घरात तीन मतं होती. काकांचं म्हणणं, एकदाच मारू, घरटं प्लास्टिकने झाकू. हा पर्याय मी पहिल्यांदा बाजूला ठेवायला लावला. चाळीस अंश उन्हात प्लास्टिकखाली अंडी शिजतील, आणि मादी परत येईलच याची खात्री नाही.

काकूंना निंबोळी तेल आणि साबणाचं पाणी योग्य वाटत होतं. घरगुती बागेत मीही बहुतेक वेळा तेच सुचवतो. पण मिलीबगच्या अंगावरचं मेण आणि आखडलेल्या शेंड्यांची घडी यांमुळे फवारा आतपर्यंत पोचत नाही, उन्हात मारलं तर पानं करपतात. आणि निंबोळी सौम्य असली तरी कोवळ्या अळीच्या बाबतीत ती मित्रकीड-शत्रूकीड असा भेद करत नाही.

तिसरा पर्याय सगळे शेंडे छाटून टाकण्याचा. जास्वंद छाटणी सोसते, पुन्हा फुटते. पण घरटं असलेली फांदी सोडली तरी आजूबाजूच्या फांद्या गेल्यावर घरटं उघडं पडणार आणि कावळे-भारद्वाजांच्या नजरेत येणार.

चौथा पर्याय नातीच्या वहीतून आला. तिने दोन दिवसांपूर्वीच नोंद केली होती: "जास्वंद. काळे मुंगळे. पांढऱ्या किड्यांपाशी थांबतात, मिशांनी थापटतात, मग थेंब पितात." म्हणजे मुंगळ्यांनी मिलीबग पाळले होते. चिकट गोड थेंबाच्या बदल्यात ते त्यांची राखण करतात आणि ढालकिडा किंवा दुसरा कुठला शिकारी आला की हुसकावतात. मुंगळे थांबवले तर बाकीचं काम शिकारी कीटक करतील का, हा प्रश्न होता. आणि त्यासाठी वेळ किती द्यायचा?

मला वेळेचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. शिकारी नेहमी शिकारीनंतर येतो. मिलीबग वाढला की मगच त्याच्यावर जगणारे किडे तिथे अंडी घालतात, त्यांच्या अळ्या बाहेर पडून खायला लागेपर्यंत मध्ये आठवडा-दोन आठवडे जातात. झाड सगळ्यात वाईट दिसतं ते याच मधल्या दिवसांत, आणि औषधाचा पंप बाहेर निघतो तोही याच दिवसांत. काकांना मी एवढंच म्हटलं, की औषध घरात आणून ठेवलंच आहे, ते कुठे पळून जात नाही. दहा दिवस बघू. तोवर पेरूवर मिलीबग चढला तर लगेच ठरवू. ही मर्यादा आधीच ठरली म्हणून घरातले सगळे तयार झाले. नुसतं "थांबा" म्हटलं असतं तर पंप दुसऱ्याच दिवशी बाहेर आला असता.

काय केलं

खोडावर जमिनीपासून दोन फुटांवर जाड कागदाची पट्टी गुंडाळली, वरून ग्रीसचा थर दिला. ग्रीस थेट सालीवर लावायचं नसतं, साल खराब होते. घरट्यापासून लांब असलेले, सगळ्यात जास्त किडलेले चार शेंडे कापले आणि काळ्या पिशवीत बांधून गच्चीवर उन्हात टाकले. उरलेल्या फांद्यांवर सकाळी साध्या पाण्याची जोरदार धार, घरट्याची फांदी मात्र वगळून. खत पूर्ण बंद. फेब्रुवारीत काकूंनी छाटणी करून युरिया घातला होता, त्यामुळे भरपूर कोवळी, रसाळ फूट आली होती, आणि मिलीबगला तेच हवं असतं.

दोन दिवस खोडावर मुंगळे दिसले नाहीत. तरी शेंड्यांवर सकाळी ते होतेच. कोडं रात्री सुटलं. नात आणि काका जेवणानंतर टॉर्च घेऊन बाहेर गेले. व्हरांड्याच्या दिव्यापाशी पाली पतंग टिपत होत्या, आणि जास्वंदीच्या वरच्या फांदीला टेकलेल्या केबलच्या वायरवरून मुंगळ्यांची ये-जा चालू होती. हे मुंगळे रात्री जास्त फिरतात. ज्या वाटेने जायचे ती वाट आम्ही दिवसा शोधत होतो. दुसऱ्या दिवशी वायर सुतळीने ओढून भिंतीकडे बांधली आणि कंपाउंडला टेकणारी एक डहाळी कापली. त्यानंतर खरी नाकेबंदी झाली.

दोन पांढरे किडे

सहाव्या-सातव्या दिवशी काकूंनी हाक मारली, आवाज रडवेला. मिलीबग "मोठा झालाय" म्हणाल्या. पाहिलं तर खरंच, गाठींमध्ये मिलीबगच्या दुप्पट-तिप्पट मोठे, अंगावर मेणाच्या लांब झिपऱ्या असलेले पांढरे किडे चालत होते. त्या दिवशी काकांनी पंप धुवून ठेवला होता.

योगायोगाने त्याच संध्याकाळी काकांचे मित्र आले होते. तासगावकडे त्यांची द्राक्षबाग आहे, खरड छाटणी आटोपून बाजाराला आलेले. सगळे त्यांना आण्णा म्हणतात. त्यांनी फांदी वाकवून पाहिली आणि हसले.

"वैनी, ह्याला मारू नगासा. ह्यो मिलीबग न्हवं, मिलीबग खाणारा हाय. आमी पैसं दिऊन इकत आणतोय ओ ह्याला, तुमच्याकडं फुकट आलाय."

ती क्रिप्टोलेमस या भुंग्याची अळी होती. मूळ ऑस्ट्रेलियातला हा ढालकिडा कीड नियंत्रणासाठी 1898 मध्ये भारतात आणला गेला आणि आज द्राक्षबागांत मिलीबगसाठी सोडला जातो. प्रौढ भुंगा चार मिलिमीटरचा, पाठ काळी, डोकं आणि पाठीचं टोक तांबूस. पण त्याची अळी अंगावर मेण चढवून थेट मिलीबगसारखी दिसते. या मेणामुळे तिचा मुंग्यांपासूनही बराच बचाव होतो.

फरक ओळखायचा कसा, हे आण्णांनी नातीला भिंगाखाली दाखवलं, आणि ते इथे नीट लिहून ठेवतो, कारण बऱ्याच बागांत हीच अळी मिलीबग समजून मारली जाते. मिलीबग एका जागी चिकटून रस शोषतो, हलला तरी सावकाश. अळी सतत फिरते, काडी लावली की पळते. मिलीबगच्या कडेचं मेण आखूड असतं, अळीच्या अंगावरच्या झिपऱ्या लांब आणि विस्कटलेल्या. बारीक कुंचल्याने मेण बाजूला केलं तर मिलीबग गुलाबी निघतो, अळी करडी. आणि सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे ती काय करतेय. भिंगातून बघताना ती अळी अंड्यांची पांढरी पिशवी फाडून आत डोकं खुपसून बसली होती, आजूबाजूला नुसती मेणाची पूड उरली होती. नातीने चौथ्या रकान्यात लिहिलं: "अंडी खात होती. दहा मिनिटं थांबली नाही."

काकूंचा चेहरा तिथे बदलला. काकांचा पंप गेला तो थेट माळ्यावर.

दुसरा शोध पूर्णपणे नातीचा. शेंड्याखालच्या एका पानावर तिला दाण्याएवढा तपकिरी कोष सापडला, आणि त्यावर माकडाचं तोंड. दोन डोळे, चपटं नाक, गाल, सगळं. तिने आधी कुणी रंगवलंय असं समजून पुसून पाहिलं. हा स्पाल्जिस एपियस या छोट्या राखाडी फुलपाखराचा कोष. फुलपाखराची अळी म्हणजे पानं खाणारी, असं आपण धरून चालतो, लिंबावरच्या अळ्याही तेच करत होत्या. पण याची अळी मांसाहारी आहे. मिलीबगच्या वस्तीत राहते, त्यांचंच मेण अंगावर घेते आणि त्यांनाच खाते. नातीने पान झाडावरच ठेवून त्याला रंगीत दोरा बांधला. आठ-दहा दिवसांनी कोष रिकामा सापडला.

यानंतर एक जास्तीचं काम मागे लागलं. कापलेले शेंडे सरळ पिशवीत घालायचे नाहीत, आधी एक दिवस सावलीत जास्वंदीच्या बुडाशी ठेवायचे. अळ्या खाणं संपलं की परत झाडावर चढतात. पण खोडावर ग्रीस होतं, म्हणून काकूंनी शेंडे पट्टीच्या वरच्या बेचक्यात अडकवायला सुरुवात केली. ही त्यांची स्वतःची युक्ती.

परिणाम

मे महिन्याच्या मध्यापर्यंत नवीन शेंडे सरळ यायला लागले, कळ्या टिकल्या. झाडाच्या दोन मोठ्या फांद्या मात्र गेल्या. देवाला काही आठवडे फुलं विकत आणावी लागली. पेरूवर एका फांदीला मिलीबग चढला, पण तोवर जास्वंदीवरचे भुंगे तिकडे पोचले होते, आणि तिथे फक्त मुंगळ्यांची पट्टी बांधून भागलं.

शिंजिराच्या घरट्यातून एक पिल्लू उडालं. अंडी दोन होती, दुसरं फुटलं नाही.

यश कुणाचं, हे ठरवताना सावध राहायला हवं. मेच्या पहिल्या आठवड्यात वळवाचे दोन जोरदार पाऊस झाले. पावसाच्या माऱ्याने मिलीबग धुऊन जातो, हवेतला कोरडेपणा कमी झाला की त्याची वाढही मंदावते. वहीतल्या नोंदी पाहिल्या तर पावसाच्या आधीच तीन शेंड्यांवर मेणाच्या पुडीशिवाय काही उरलेलं नव्हतं, म्हणजे शिकाऱ्यांचं काम आधी सुरू झालं होतं. पण पुढची झपाट्याने झालेली घट पावसामुळे किती आणि भुंग्यांमुळे किती, ते वेगळं काढता येण्यासारखं नाही.

वेगळं काय करता आलं असतं

तुलनेसाठी एक फांदी तशीच सोडायला हवी होती: धार नाही, छाटणी नाही, फक्त दोरा बांधून रोज बघायचं. मग वरच्या प्रश्नाचं अर्धं तरी उत्तर मिळालं असतं.

रात्रीचं निरीक्षण पहिल्याच दिवशी करण्यासारखं होतं. मुंगळ्यांचा बंदोबस्त करायचा असेल तर टॉर्च घेऊन एक फेरी आधी, ग्रीस नंतर. दोन दिवस फुकट गेले ते यामुळे.

पहिल्या दिवशी कापून उन्हात टाकलेल्या चार शेंड्यांमध्ये शिकाऱ्यांची अंडी असण्याची शक्यता होती. कीड जुनी असेल तर कापण्याआधी भिंगाने बघून घेणं बरं. अगदी ताजी असेल, शिकारी अजून आलेच नसतील, तेव्हा लगेच कापून टाकणं हाच चांगला निर्णय आहे. इथे कीड जुनी होती.

हाच मार्ग सगळीकडे चालेल असं मी म्हणणार नाही. क्रिप्टोलेमसला फार कोरडा, कडक उन्हाळा मानवत नाही. या झाडावर दुपारनंतर घराची सावली येते आणि बाजूलाच पाणी सांडतं, त्याचा फायदा झाला. उघड्या गच्चीवरच्या कुंडीत, रोपटं लहान आणि कीड जास्त असेल, तर कुंचल्याने साबणाचं पाणी लावून हाताने साफ करणं हाच व्यवहार्य उपाय. पोटापाण्याची द्राक्षबाग असेल तर हिशेब आणखी वेगळा, तिथे आण्णांसारखा माणूस खोडाची साल काढण्यापासून सुरुवात करतो.

एक गोष्ट अजून बाकी आहे. कंपाउंडपलीकडच्या घराच्या कुंपणावर जास्वंदीचीच रांग आहे आणि तिच्यावर अजून मिलीबग दिसतो. तिथले लोक दर महिन्याला औषध मारतात. काकूंनी नातीची वही आणि भिंग घेऊन त्यांच्याकडे जायचं ठरवलंय. पाऊस उघडला की शेंडे पुन्हा वाढायच्या आत ही गाठ पडायला हवी. आण्णांनीही येतो म्हणून सांगितलंय.